कामापुरती डच आणि भूतकाळ

‘कामापुरती भाषा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार सहजपणे केला जातो. कामापुरते इंग्रजी, कामापुरती हिंदी, बंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या मुलाला कामापुरते कन्नड. या प्रयोगात एक गृहीत दडलेले आहे. काम म्हणजे वर्तमानकाळात उरकणारी गोष्ट, हे ते गृहीत. दुकानात शिरायचे, वस्तू दाखवायची, किंमत विचारायची, पैसे मोजायचे आणि आभार मानून बाहेर पडायचे. या व्यवहाराला क्रियापदाचीही फारशी गरज पडत नाही. दहा-वीस नामे, शंभरापर्यंतच्या संख्या आणि एक बोट एवढ्यावर भागते. भूतकाळ आणि त्याचे साधा, पूर्ण, रीती इत्यादी भेद ही मागाहून सवडीने शिकण्याची चैन ठरते. परकीय भाषांची बहुतेक प्राथमिक पुस्तके याच समजुतीवर रचलेली असतात. ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि मराठी भाषकाच्या बाबतीत ती दुहेरी नुकसान करते, असे आमचे मत आहे. उदाहरणादाखल आम्ही डच भाषा घेतो आहोत.

डचच का, असा प्रश्न नागपुरात विचारला जाणे स्वाभाविक आहे. या शहराचा डचांशी वखारीचा वा लढाईचा संबंध कधी आला नाही. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येथून अभियांत्रिकी शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या पत्त्यांमध्ये आइंडहोव्हन, अ‍ॅम्स्टलव्हीन, हेग ही गावे हळूहळू दिसू लागली. नोकरीच्या परवान्यावर जाणाऱ्या अभियंत्याला आणि त्याच्या कुटुंबाला जाण्यापूर्वी डच येण्याची अट नाही. मात्र डच नागरिकाशी, किंवा तेथे कायमचा स्थायिक झालेल्या आपल्याच माणसाशी लग्न करून जाणाऱ्या भारतीय मुलीला (किंवा मुलाला) ती अट आहे. २००६ सालापासून अशा व्यक्तीला मायदेशातच, डच वकिलातीत, प्राथमिक डचची परीक्षा द्यावी लागते. थोडे बोलणे, थोडे वाचणे आणि डच समाजाविषयीची काही माहिती असे तिचे स्वरूप असून युरोपीय मोजपट्टीप्रमाणे तिची पातळी सर्वांत खालची, म्हणजे ए-१ आहे. तेथे पोहोचल्यानंतरची अपेक्षा वेगळी. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने ती बी-१ पर्यंत चढवली आहे.

२०२४च्या उन्हाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी याच परीक्षेच्या तयारीसाठी पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. ती मराठीची एम.ए. आणि पुस्तक इंग्रजी माध्यमाचे. ‘सर, मॅडम, व्याकरण तेवढे बघून द्या,’ एवढीच तिची मागणी होती. आम्हा दोघांनाही डच येत नव्हती. आजही येते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु नवतपाच्या त्या दुपारी तिच्यासोबत ते पुस्तक वाचताना जे लक्षात येत गेले, त्यावरून हा लेख लिहावासा वाटला.

पुस्तकात भाव विचारण्याचा पाठ तिसरा होता. भूतकाळ चौदावा. परीक्षेला भूतकाळ फारसा विचारत नाहीत म्हणून तिने तो सोडून दिला, आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन ती गेली. पुढच्या काही महिन्यांत तिची जी पत्रे (म्हणजे ई-मेल) आली, त्यांतली कामे पाहावीत. ताप आला म्हणून डॉक्टरांकडे फोन केला. तेथे डॉक्टरांच्या आधी सहायिका बोलते आणि तीच सगळे विचारते: कधीपासून ताप आहे, काल रात्री किती होता, कोणत्या गोळ्या घेतल्या, त्यांनी उतरला का? शनिवारी घेतलेली पाण्याची विजेची किटली घरी आणल्यावर चालूच झाली नाही, म्हणून ती परत करायला गेली. येथे दुकानात काही दाखवायचे नव्हते. जे घडले ते सांगायचे होते. टपालवाला पुडके शेजारच्या घरी देऊन गेला होता आणि ‘मी तेव्हा घरी नव्हते’ हे साधे वाक्य तिला जुळवता येईना. मग सायकल चोरीला गेली. सायकल चोरीला जाणे हा त्या देशातला इतका नित्याचा प्रसंग आहे की त्याला संकट म्हणण्याऐवजी काम म्हणणेच योग्य; पण चौकीवर केलेली तक्रार म्हणजे आदीपासून अंतापर्यंत भूतकाळच. कुठे लावली होती, कुलूप घातले होते का, परत आलात तेव्हा किती वाजले होते? ताप, किटली, पुडके, सायकल. यांतले एकही काम वर्तमानकाळात उरकत नाही. ‘मला हे हवे आहे’ एवढेच बोलता येणारी व्यक्ती पहिल्यांदा वस्तू विकत घेऊ शकते. ती बिघडल्यावर मात्र तिची वाचा बसते.

तेथे सगळ्यांना इंग्रजी येते, मग ही यातायात कशाला, असा आक्षेप येईल. तो बराचसा खरा आहे. डच लोक चांगले इंग्रजी बोलतात आणि समोरचा अडखळताना दिसला की सौजन्याने स्वतःच इंग्रजीवर उतरतात. शिकणाऱ्याचा घात होतो तो या सौजन्यानेच. पण नगरपालिकेची पत्रे, शाळेच्या सूचना आणि शेजारच्या आजीबाई इंग्रजीत नसतात. फोनमधले यंत्र हल्ली पत्र वाचून दाखवते, हे आम्हाला ठाऊक आहे. आजीबाईंपाशी त्याचा उपयोग होत नाही, आणि आजीबाई बोलतात त्या बहुतांशी भूतकाळातच. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त पश्चिम भागात दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, १ फेब्रुवारी १९५३च्या रात्री समुद्राचे बांध फुटून नैर्ऋत्येकडचा मुलूख पाण्याखाली गेला आणि १८३६ माणसे दगावली. त्या पिढीच्या बोलण्यात हे विषय आजही येतात. आमच्या विद्यार्थिनीजवळही सांगण्यासारखे काही होते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपूरच्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरले, त्या वस्त्यांमध्ये तिचे माहेर होते. पाण्याची भीती पिढ्यानपिढ्या बाळगणाऱ्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. ‘पाणी घरात आले’ एवढे तीन शब्द पुरे होते, आणि ते चौदाव्या पाठात राहून गेले होते.

हे झाले पहिले नुकसान. ते कोणत्याही देशाच्या शिकणाऱ्याचे होते. दुसरे खास मराठी भाषकाचे आहे, आणि मराठीचे अध्यापक म्हणून आम्हाला अधिक बोलायचे आहे ते त्याविषयी. मराठी माणसाला डच इंग्रजीमार्गे शिकवणे म्हणजे वर्धा गाठण्यासाठी नागपूरहून मुंबईची गाडी धरून परत फिरणे होय.

घड्याळ घ्या. (पुढे आलेले डच शब्द आम्ही उच्चाराच्या जवळपास जातील अशा बेताने देवनागरीत लिहिले आहेत, घसा खरवडून काढायच्या त्यांच्या ‘ग’साठी ‘ख’ योजला आहे.) अडीच वाजले, हे डच माणूस ‘हाल्फ द्री’ असे सांगतो. शब्दशः ‘अर्धा तीन’. इंग्रजीमार्गे येणारा विद्यार्थी येथे हमखास साडेतीन समजतो, आणि तासभर उशिरा पोहोचतो. पुस्तकही ‘हे विचित्र आहे, पाठ करा’ म्हणून मोकळे होते. वास्तविक ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’पासून आला, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. हाल्फ द्री हेच म्हणतो आहे. दीडला डच शब्द आहे ‘आंडरहाल्फ’. त्यातल्या ‘आंडर’चा जुना अर्थ ‘दुसरा’, आणि आपला दीड ‘द्व्यर्ध’पासून आलेला. जुन्या डचमध्ये अडीचला ‘डेर्दहाल्फ’ असाही शब्द होता, तो आता मागे पडला. आपल्याकडे अर्धचतुर्थापासून आलेला ‘औट’ असाच मागे पडून संतसाहित्यात आणि औटकीच्या पाढ्यात उरला. औट म्हणजे त्यांचा ‘हाल्फ फीर’, अर्धा चार. ‘क्वार्त ओव्हर’ आणि ‘क्वार्त फोर’ म्हणजे सव्वा आणि पावणे. सपाद आणि पादोन. पंचवीसला ते ‘फैफ-अन्-ट्विन्तख’ म्हणतात, पाच आधी आणि वीस नंतर, जसे आपण म्हणतो. बाजारात भाव ऐकताना इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले नेमकी येथे चुकतात. ज्याने लहानपणी पावकी-निमकी घोकली, त्याने चुकण्याचे काही कारण नाही.

शब्दांची ही साम्ये मौजेची आहेत आणि त्यांच्या आहारी फार जाऊ नये. वाक्याचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ‘मी काल पाव घेतला’ हे डचमध्ये ‘इक हेप खिस्तरन ब्रोत खकोख्त’ असे होते: मी, आहे, काल, पाव, घेतलेला. सहाय्यक क्रियापद तेवढे दुसऱ्या स्थानी उडी मारून बसले. बाकी रचना आपलीच, मुख्य क्रियापद शेवटी. आणि ‘कारण’ने सुरू होणाऱ्या गौणवाक्यात ती उडीही नाहीशी होते. ‘ओमदात इक खिस्तरन ब्रोत खकोख्त हेप’, म्हणजे ‘कारण मी काल पाव घेतला आहे’. एका शब्दाचीही जागा बदलावी लागत नाही. इंग्रजीत हे वाक्य करायचे तर ते उलटे फिरवावे लागते, आणि तेथून डचमध्ये न्यायचे तर पुन्हा सुलटे. शिवाय आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे लाल शाईने गिरवून घेतलेला नियम आहे की ‘काल’ आला की ‘हॅव’ येता कामा नये. डचला तो नियमच माहीत नाही. घडून गेलेल्या एखाद्या सुट्या गोष्टीविषयी बोलताना डच माणूस ‘काल’सोबत ‘हेप’ बेलाशक वापरतो, जसे आपणही ‘मी कालच घेतला आहे’ म्हणतो. तीच गोष्ट कालावधीची. ‘मी तीन वर्षांपासून इथे राहते’ हे मराठीत वर्तमानकाळात आहे, डचमध्येही वर्तमानकाळातच. मधे इंग्रजी आली की ‘हॅव लिव्ह्ड’ येते आणि डच वाक्य कारण नसताना भूतकाळात घसरते.

साधा भूतकाळ डचमध्ये आहेच. पण संभाषणात त्याचे क्षेत्र बरेचसे वर्णनाचे आणि सवयीचे आहे. ‘फ्रूखर वोन्द इक इन नागपूर’ याचे खरे मराठी ‘पूर्वी मी नागपुरात राहत असे’ हे आहे; आपला रीतिभूतकाळ. ‘फ्रूखर’ म्हणजे पूर्वी, आणि तो शब्द उच्चारताच डच क्रियापद या रूपात जाते. रीतिभूतकाळ हा जणू पुस्तकी आणि मरू घातलेला काळ आहे अशा थाटात आमच्या वर्गात त्याचा निकाल लावला जातो. परक्या देशात ‘माझे पूर्वीचे घर’ सांगू पाहणाऱ्या मुलीला पहिल्यांदा त्याचीच गरज लागते, हे आमच्या लक्षात आले नव्हते.

आता सर्वांत कठीण म्हणून गाजलेला भाग. डच पूर्णकाळात काही क्रियापदे ‘हेबन’ (असणे, जवळ असणे) घेतात आणि काही ‘झैन’ (असणे, होणे). इंग्रजी पुस्तके येथे यादी देतात. मराठी विद्यार्थ्याला यादीआधी प्रयोग आठवून द्यावा. ‘मी पाव घेतला’ हा कर्मणी. येथे ‘मी’ मुळात तृतीयेतला, ‘मया’चा वंशज. ‘मी गेले’ हा कर्तरी. घेणे, करणे, लिहिणे यांना हेबन. जाणे, येणे, पडणे, राहणे, मरणे यांना झैन. ‘इक बेन खखान’, मी गेले. ‘इक बेन इन नागपूर खबोरन’, मी नागपुरात जन्मले. परदेशात सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक वेळा बोलावे लागणारे भूतकाळाचे वाक्य हेच असावे. आम्हाला विशेष आनंद झाला तो ‘विसरणे’ या क्रियापदाने. मराठीत ते सकर्मक असूनही कर्तरी प्रयोगात चालते: ‘मी नाव विसरले’, ‘मी नाव विसरिले’ नव्हे. सकर्मक असूनही हे असे का, याचे उत्तर देताना प्रत्येक अध्यापकाची तारांबळ उडते. डचमध्येही ‘मी त्याचे नाव विसरले’ हे ‘इक बेन झैन नाम फरखेतन’ असे होते. सकर्मक, आणि तरी झैनच. (त्यातल्या ‘नाम’ला भाषांतराची गरज नाही.) वस्तू आणायची राहून गेली अशा अर्थी मात्र तेथे हेबनही चालते. विसरणाऱ्या माणसाकडे दोन भाषा इतक्या सारख्या नजरेने पाहतात, हे एखाद्या स्वतंत्र शोधनिबंधाला पुरेल.

पण हे साम्य सरसकट नाही, आणि तसे भासवणे ही विद्यार्थ्याची फसवणूक होईल. ‘मी हसले’, ‘मी झोपले’ हे आपले कर्तरी. डचमध्ये दोन्ही ठिकाणी हेबन, ‘इक हेप खलाखन’, ‘इक हेप खस्लापन’. तेथे प्रश्न केवळ सकर्मक-अकर्मकाचा नाही. बहुतेक वेळा कर्त्याची जागा वा अवस्था पालटली का, हे डच भाषा पाहते. सायकल चालवली तर हेबन. सायकलवरून घरी पोहोचलो तर झैन. आपल्या प्रयोगविचाराने अर्धी वाट सुकर होते आणि उरलेल्या अर्ध्या वाटेवर एक नवा प्रश्न भेटतो. प्रश्न भेटणे यादी पाठ करण्यापेक्षा बरे. शिवाय धातुसाधिताला लिंग-वचनाचा विकार तेथे होत नाही, त्यामुळे घेतला-घेतली-घेतलेची आपली धावपळ डचमध्ये संपते.

ज्यांना थोडे संस्कृत येते त्यांना आणखी एक भेट आहे. डच भूतकाळी प्रत्यय काही क्रियापदांना ‘त’ लागतो आणि काहींना ‘द’. तो लक्षात ठेवण्यासाठी तेथील शाळकरी मुले एका जुन्या जहाजाचे नाव पाठ करतात, ‘त कोफस्खिप’; त्या नावातील व्यंजनांनंतर त, एरवी द. जहाजाची काही गरज नाही. ती सगळी कठोर व्यंजने आहेत. कठोरापुढे कठोर, मृदूपुढे मृदू: ‘वेर्क्त’, पण ‘वोन्द’. व्यंजनसंधीचा पाठ ज्याने नीट शिकला त्याला हे दोन मिनिटांत कळते. आणि घेतलेला, केलेला या अर्थाच्या डच रूपांच्या शेवटी येणारा तो ‘त’ हा कृत, गत यांतल्या क्त प्रत्ययाचाच दूरचा भाऊ आहे. ‘खबोरन’मधला ‘न’ भिन्न, पूर्ण यांतल्या ‘न’च्या गोत्रातला. मराठीने त्या ‘त’वर ‘ल’ चढवून गेला, केला अशी रूपे कशी घडवली याचा माग झ्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये काढला. तो ग्रंथ वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली मराठीत आणला. आमच्या अभ्यासक्रमात त्याचे नाव असते. त्याचा असाही उपयोग होईल असे कोणाला वाटले नव्हते.

येथे नागपूरकरांच्या वाट्याचे थोडे. पुण्याकडची मंडळी आमच्या ‘करून राहिलो’ला हसतात. डच माणूस ‘मी स्वयंपाक करते आहे’साठी ‘इक बेन आन हेत कोकन’ म्हणतो, म्हणजे ‘मी स्वयंपाकाशी आहे’, क्रिया चालू असल्याची वेगळी खूण करून. आणि ‘इक झित ते लेझन’ म्हणजे शब्दशः ‘मी वाचत बसले आहे’. बसणे, उभे राहणे, पडून राहणे ही त्यांचीही सहाय्यक क्रियापदे आहेत. असो.

कामापुरती भाषा शिकण्याचा प्रयत्न उलट दिशेनेही झालेला आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या योआन योसुआ केटलार याने १६९८च्या सुमारास हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण डचमध्ये लिहिले. आज उपलब्ध असलेल्या हिंदुस्थानीच्या व्याकरणांत ते सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. तो मनुष्य भाषापंडित नव्हता. कंपनीच्या लोकांना सुरत-आग्र्याकडे व्यापार करता यावा म्हणून त्याने विषयवार शब्द दिले. पण तेवढ्यावर न थांबता क्रियापदांची रूपे काळांसह दिली. बाजारासाठी लिहिलेल्या पुस्तकातही भूतकाळ लागतो, हे त्या व्यापाऱ्याला सव्वातीनशे वर्षांपूर्वी उमगले होते. आणि ते स्वाभाविक होते, कारण कंपनीचा सारा पत्रव्यवहारच भूतकाळातला. जहाज कधी आले, मिरी काय भावाने मिळाली, अमुक सुभेदाराने वाट का अडवली. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिची वास्तू तेथे अजून आहे. त्या वखारीतून गेलेल्या पत्रांत मालाच्या हिशेबाशेजारी शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या आणि राज्याभिषेकाच्या वार्ता आहेत. १६७७ साली महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली, ही गोष्ट आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो. ज्या कागदांतून ती कळते ते कागद वाचू शकणारी मराठी माणसे किती, हा प्रश्न भाषणात येत नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३०च्या दशकात आपल्या शिवचरित्रासाठी डच साधनांचा उपयोग केला. त्यानंतर हा मार्ग रुळायला हवा होता. तो एकेकट्या जिद्दी अभ्यासकाच्या पायवाटेइतकाच राहिला. कंपनीची ही दप्तरे २००३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या नोंदीत आली आणि आता हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांचा मोठा भाग घरबसल्या पाहता येईल असा खुला केला आहे. सतराव्या शतकातली डच ही आजच्या डचहून वेगळी, आणि ए-१ उत्तीर्ण झालेल्याला ती वाचता येईल असा दावा आम्ही करत नाही. परंतु किटली परत करण्यासाठी जे व्याकरण लागते त्याच व्याकरणाच्या जुन्या रूपांत ती पत्रे लिहिलेली आहेत. दुकानाचा पाठ आणि इतिहासाचा पाठ वेगळे नाहीत.

मग हे पुस्तक लिहायचे कोणी? आमचे उत्तर सरळ आहे: मराठी विभागांनी. परकीय भाषांच्या विभागांवर हे काम टाकून चालणार नाही. त्यांचे अध्यापन इंग्रजीतून चालते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत मराठी भाषक असतील-नसतील. कर्तरी-कर्मणी, रीतिभूतकाळ, कठोर-मृदू हे भांडवल आमच्याकडे आहे आणि ते आम्ही चार गुणांच्या प्रश्नात कुजवतो आहोत. मोरो केशव दामले यांचे व्याकरण १९११चे. त्यातील प्रयोगविचारावर वाद घालण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या, आणि भावकर्तरी मानावा की न मानावा यावर अजूनही परिसंवाद होतात. वाद जरूर व्हावेत. पण दोन भाषा शेजारी ठेवल्याखेरीज आपल्या भाषेतली ही यंत्रणा काय काम करते हे विद्यार्थ्याला दिसत नाही. आमच्या एम.ए.च्या वर्गात ‘विसरणे’चे डच उदाहरण दिल्यावर जी चर्चा झाली, तशी ‘सकर्मक कर्तरीचे अपवाद लिहा’ या प्रश्नाने कधी झाली नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे. या दोन्ही गोष्टींचा आनंद आहेच. अभिजाततेच्या निमित्ताने जे प्रकल्प आखले जातील त्यांत शिलालेख, कोश, चिकित्सक आवृत्त्या असतील, असाव्यातच. त्यांच्या कोपऱ्यात ‘मराठीतून डच’, ‘मराठीतून जपानी’, ‘मराठीतून पोर्तुगीज’ अशी शे-सव्वाशे पानांची पुस्तके बसू शकतात. विद्यार्थी किती मिळतील, असे लगेच विचारले जाते. थोडेच मिळतील. मात्र आज परीक्षेसाठी इंग्रजी पुस्तकाशी झटणाऱ्यांत खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलीही असतात. त्यांना डच शिकण्याआधी डच शिकण्यापुरते इंग्रजी शिकावे लागते. ही सक्ती कोणत्याही डच कायद्यात नाही. ती आपण केलेली आहे.

आम्ही दोघांनी आणि त्या विद्यार्थिनीने मिळून अशा पुस्तकाची वही सुरू केली आहे. ती तिकडून वाक्ये पाठवते, आम्ही इकडून त्यांचे प्रयोग लावतो. पहिला पाठ घड्याळाचा आहे, दुसरा ‘मी जन्मले’चा, तिसरा डॉक्टरांच्या सहायिकेशी बोलण्याचा, त्यात वर्तमानकाळाचे एकच वाक्य आले. सात पाठ झाले. आठवा पाठ घराविषयीचा आहे, आणि तो एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीवर अडला आहे. डचमध्ये घराला जो शब्द आहे त्यातला स्वर देवनागरीत कसा लिहावा, यावर आमच्यात एकमत होत नाही. एकाच्या मते ‘हाउस’, दुसरीच्या मते ‘हॉइस’. विद्यार्थिनी म्हणते की दोन्ही ऐकून तिकडच्या आजीबाई हसतात.